उरलेले सत्तावीस

तिसऱ्यांदाही काटा बारा घरं हलला, तेव्हा तो दुकानातल्या बाईला म्हणाला, "स्पिंडलमध्ये खेळ आहे, फिरताना डुलतो. हे मशीन मला नको."

हे सांगताना त्याच्या आवाजात नोकरीतली जुनी खात्री आपोआप आली. तेहेतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढल्यावर माणसाला 'नको' म्हणायची एक लकब जडते. त्यात राग नसतो, खेद नसतो, नुसता शिक्का असतो. समोरच्या फळीवर स्वस्तातली तीन पिलर ड्रिल, खांबावर बसवलेली भोकं पाडायची मशिनं, ओळीने उभी होती. पहिलं हिरवं, इतकं हलकं की हँडल खाली ओढलं की अख्खं मशीनच पुढे वाकून बघायचं. तिसरं चांगलं होतं, पण त्याच्या ऐपतीबाहेरचं. मधलं करडं मात्र त्याला बघताक्षणीच पटलं होतं. खांब मनगटाएवढा जाड, बूड ओतीव लोखंडाचं, टेबल वरखाली करायला दातेरी पट्टी, वेग बदलायला पट्ट्याच्या पाच खाचा. पटलं म्हणून तर त्याने खिशातून डायल गेज काढलं होतं. चकात, म्हणजे भोक पाडणारी सळी धरणाऱ्या जबड्यात, एक गुळगुळीत दांडा पकडायचा, गेजचं टोक त्याला टेकवायचं, दांडा हाताने सावकाश फिरवायचा आणि तो सरळ फिरतो की डुलतो ते काट्यावर वाचायचं. नियमाने गेज स्टँडवर बसवायचं असतं. पण स्टँड जड, खिशात मावत नाही, आणि कोपर टेबलावर रोवून, मनगट खांबाला टेकवून एवढा अंदाज तो वर्षानुवर्षं हातानेच घेत आला होता.

बाई पस्तिशीची असेल. दुकान तिच्या वडिलांचं, आता तीच बघत होती. तिने वाद घातला नाही. गल्ल्याखालच्या कप्प्यातून तिने चुंबकाचं स्टँड काढलं आणि म्हणाली, "काका, यावर लावून बघू या का एकदा? कंपनीला कळवायचं तर मलाही नक्की काय ते सांगायला लागेल." चुंबक खट्‌कन खांबाला चिकटला. तिने त्याच्या हातातून गेज घेऊन स्टँडवर अडकवलं आणि चक फिरवला. काटा दोन घरं सरकला आणि परत आला. तिने पुन्हा फिरवला. पुन्हा दोन घरं. या किमतीच्या मशीनमध्ये मिलिमीटरचे दोन शतांश म्हणजे डोळे झाकून पास. दोघंही काट्याकडे बघत राहिली. मग, का कोण जाणे, दोघांचीही नजर एकदम त्याच्या उजव्या हाताकडे गेली. गेज काढून घेतल्यावर त्या हाताला काही काम उरलं नव्हतं. तो नुसता हवेत होता आणि बोटं बारीक बारीक हलत होती, वाऱ्यावर कागदाची कड हलावी तशी.

बाई स्पष्ट काही बोलली असती तर बरं झालं असतं. तिने फडकं उचललं आणि शेजारचं मशीन पुसायला घेतलं. त्या मशीनवर पुसण्यासारखं काही नव्हतं. "रस्त्यावरून ट्रक जातात ना काका, कधी कधी फळी हलते," ती म्हणाली. गेल्या पाव तासात रस्त्यावरून एकही ट्रक गेला नव्हता. हे तिलाही माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. "विचार करून सांगतो," असं म्हणून तो बाहेर पडला. गेज खिशात टाकताना ते दोनदा खिशाच्या काठाला आपटलं.

घर तीन बस थांबे दूर होतं. तो चालत निघाला. हात पँटच्या खिशात, मुठीत गेज. दुपारचं ऊन इमारतींच्या भिंतींवर सपाट पडलं होतं आणि माणसं सावली धरून चालत होती. त्याला वाटलं, फार मोठं काही झालेलं नाही. काटा एकदा हलला आणि एकदा हलला नाही, एवढंच. पण पावलागणिक एकेक गोष्ट मागून येऊन त्याच्या बरोबरीने चालायला लागली. दाराचं कुलूप. किल्ली आत जाईना म्हणून त्याने कुलपाला तेल घातलं होतं, मग कुलूपच बदललं होतं. बँकेत सही जुळेना, तेव्हा काउंटरवरच्या पेनाला दोष दिला होता. शर्टाची काजं घट्ट झालीत म्हणून बायकोवर कुरकुर केली होती. ती घरी शिवणकाम करते, बाहेरची कामं घेते, काजांबाबत तिला शिकवण्यासारखं कुणाकडे काही नाही. तरी तिने चकार शब्द न काढता सगळ्या शर्टांची काजं उसवून मोठी केली होती. आणि घरातलं हातात धरायचं जुनं ड्रिल. भोकं वाकडी पडायला लागली तेव्हा त्याने छातीठोकपणे निदान केलं होतं की ड्रिलचं बुश गेलंय, आता खांबाचं मशीनच घ्यायला हवं. गेल्या दीड वर्षात त्याने घरातल्या निम्म्या वस्तू नापास केल्या होत्या. एकच गोष्ट तपासायची राहिली होती.

घरी बायको मशीनवर बसली होती. तिच्या डोक्यावर भिंतीला दोऱ्यांच्या रिळांची फळी होती. निवृत्त झाल्यावर त्याने गॅलरी बंद करून घेतली, तिथे बाक, लाकूड आवळायचा शिकंजा, हत्यारांची मांडणी असं सगळं हौसेने उभं केलं आणि पहिली मोठी वस्तू म्हणून तिला ही फळी करून दिली. शहाण्णव खुंट्या. सगळ्या एकाच कोनात वर बघायला हव्या होत्या. त्या बस थांब्यावरच्या माणसांसारख्या मनाला येईल तिकडे तोंड करून उभ्या होत्या. काही खुंट्यांवरून रीळ घसरून पडायचं. ती उचलून पुन्हा लावायची.

"मिळालं का मशीन?" तिने मान न उचलता विचारलं.

"बघतोय."

"सगळ्यांत खोट निघाली?"

"एकात नव्हती."

"मग?"

"मग काही नाही."

तिने चहा आणून दिला. त्याने कप उचलला आणि उचलताना पहिल्यांदा कपात बघितलं. कप अर्धा होता. तो थबकला. आपल्या घरात चहा काठोकाठ द्यायची पद्धत होती, लग्न झाल्यापासून. बशीत सांडला नाही तर चहा दिल्यासारखा वाटत नाही असं तो पूर्वी तिला चिडवायचा. हा अर्धा कप कधीपासून? आणि अर्धा संपला की ती विचारते, "आणखी देऊ?" हे विचारणं कधीपासून? दिवाळखोराला सगळे सावकार एकदमच आठवावेत तसं त्याला झालं. म्हणजे हिला माहीत आहे. काजं उसवतानाच माहीत होतं. फळी भिंतीला लावतानाही माहीत असेल. तो कपाकडे बघत बसला. ती दाराशी उभी राहून म्हणाली, "आणखी देऊ?" तो म्हणाला, "नको."

गॅलरीत जाऊन त्याने गेज बाकावर ठेवलं. ते त्याचं नव्हतं. ते मास्तरांचं होतं. आता चोवीस वर्षं ते त्याच्याकडे होतं, त्यामुळे त्याचंच म्हणायला हरकत नव्हती, आणि इतकी वर्षं तो ते हक्काने वापरतही होता. पण आज बाकावर ते परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखं संकोचून पडलेलं दिसत होतं.

मास्तर त्याच्या आधीचे मुख्य तपासनीस. शाळेत कधी शिकवलेलं नाही, पण सगळा कारखाना त्यांना मास्तरच म्हणायचा. तपासणीची खोली कारखान्याच्या मधोमध होती आणि कारखान्याची नव्हती. दार लावलं की बाहेरचा खडखडाट कापसात गुंडाळल्यासारखा व्हायचा. आत थंड हवा, पांढरा दिवा, काळ्या दगडाचं सपाट टेबल. पंपांचे शाफ्ट, आत फिरणारे लोखंडी दांडे, यायचे ते हाताला गरम लागायचे. मास्तर ते रात्रभर दगडावर निवायला ठेवायचे, सकाळी माप घ्यायचे. तो नवा होता तेव्हा इंग्रजी आकड्यांत त्याचा सात एकासारखा दिसायचा. मास्तरांनी त्याच्याकडून पानंच्या पानं सात गिरवून घेतले. "मोजलंस बरोबर आणि वाचणाऱ्याने चुकीचं वाचलं, तर तू चुकीचंच मोजलंस," ते म्हणायचे. शेवटी त्याच्या साताला एक आडवी रेघ आली, जराशी तिरपी, शेवटाला किंचित वर गेलेली. सगळ्या गोष्टी शतांशात सांगायच्या सवयीवरून मास्तरांनीच त्याला 'शतांश' म्हणायला सुरुवात केली आणि पुढे कारखान्यात त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते ऐकू यायचं.

मास्तरांचा हात थरथरायला लागला ते आधी डोळ्यांना नाही, कानांना कळलं. त्या शांत खोलीत मायक्रोमीटर शाफ्टला लागून टिकटिक वाजायचा. अगदी बारीक. दोघेही ती टिकटिक ऐकायचे आणि ऐकली नाही असं दाखवायचे. मास्तर मग कोपर टेबलावर रोवायचे, श्वास रोखायचे. त्या आठवड्यात मास्तरांनी एका खेपेतले एकतीस शाफ्ट नापास केले. माल शुक्रवारी जायचा होता. बुधवारी मॅनेजरने त्याला एकट्याला बोलावलं. मॅनेजर सभ्य माणूस होता, आवाज कधी चढवायचा नाही. "मास्तरांच्या हाताबद्दल ऐकतोय," तो म्हणाला. "तू ते शाफ्ट स्वतः मोज. आणि जे खरं असेल ते लिहून दे. खोटं लिहायला मी कुणाला सांगत नाही."

जेवणाच्या सुट्टीत, मास्तर डबा खायला गेले असताना, त्याने एकतीसच्या एकतीस शाफ्ट मोजले. मायक्रोमीटर स्टँडमध्ये पकडून, दोन दोनदा. सत्तावीस खराब होते. सरळ सरळ खराब, वाद घालायला जागा नव्हती. चार चांगले होते. सात, अकरा, सतरा आणि तीस नंबरचे. मग तो कागद घेऊन बसला आणि त्याने चांगल्या अक्षरात लिहिलं की सात, अकरा, सतरा आणि तीस या क्रमांकांचे शाफ्ट मापात असूनही नापास झालेले आहेत आणि मोजणाऱ्याचा हात स्थिर नसावा असं वाटतं. पानाचा अर्धा भाग कोरा राहिला. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मॅनेजरने वाचलं, घडी घातली आणि उरलेल्यांबद्दल विचारलं नाही. तो स्वतः दाराशी क्षणभर थांबला, मॅनेजरने विचारलं तर सांगू म्हणून. विचारलं नाही. मग तो गेला. शुक्रवारी एकतीसही शाफ्ट पंपांत बसून बाहेर पडले. ते पंप कुठे गेले, किती चालले, कधी बंद पडले, त्याने कधी चौकशी केली नाही.

पुढच्या सोमवारपासून मास्तर स्टोअरमध्ये गेले. हातमोजे, साबण, पुसायच्या चिंध्या, बल्ब. खोली सोडताना त्यांनी कप्प्यातून स्वतःचं डायल गेज काढून त्याला दिलं. "हे तुझ्याकडे राहू दे. तिकडे काय मोजणार," ते म्हणाले. त्याने घेतलं. खुर्चीही घेतली. स्टोअरला एक जाळीची खिडकी होती. मास्तर निवृत्त होईपर्यंत चार वर्षं तिच्यामागे बसले. त्या चार वर्षांत तो हातमोज्यांसाठी कधी स्वतः गेला नाही. कुणाला तरी पाठवायचा. एकदोनदा जावंच लागलं, तेव्हा वहीकडे बघत सही केली आणि निघाला. लोक म्हणायचे, मुख्य झाल्यापासून शतांश जरा शिष्ट झालाय. हे त्याला सोयीचं वाटायचं. शिष्ट म्हणवून घेणं त्यातल्या त्यात स्वस्त होतं.

रविवारी तो मास्तरांकडे गेला. जुन्या एका सहकाऱ्याला फोन करून पत्ता घेतला होता. आपण का जातोय हे त्याने स्वतःला नीट विचारलं नाही. बायकोला म्हणाला, "मशीनबद्दल एकांचा सल्ला घेऊन येतो." मास्तर मुलीकडे राहत होते, शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर. मुलीने दार उघडलं. पन्नाशीची, चष्मा कपाळावर सरकवलेला, हाताला कणीक नाही पण काहीतरी पांढरं लागलेलं. ती भिंतीच्या एका भेगेत पुट्टी भरत होती. तिने आत हाक मारली, "बाबा, तुमच्या कारखान्यातलं कुणी आलंय."

मास्तर खिडकीपाशी खुर्चीत होते. ऐंशी वर्षांचे. अंग आटून गेलेलं, डोळे तेच. मांडीवर दोन्ही हात होते आणि ते थरथरत होते. जितके चोवीस वर्षांपूर्वी थरथरायचे तितकेच. कमी नाही, जास्त नाही.

"शतांश," मास्तर म्हणाले. "बस. काय काढलंस?"

"पिलर ड्रिल घ्यायचंय. घरासाठी, स्वस्तातलं. म्हटलं तुम्हाला विचारावं."

मास्तरांचा चेहरा उजळला. त्याला ते बघवलं नाही. "काम कशाचं? लाकूड की लोखंड?"

"लाकूडच जास्त. क्वचित पितळ, अॅल्युमिनियम."

"मग सगळ्यात जास्त वेग बघू नकोस, सगळ्यात कमी किती तो बघ. दुकानदार जास्तीचाच सांगतात. स्पिंडल पूर्ण खाली ओढून आडवा धक्का देऊन पाहिलास?"

"पाहिला. मधल्या एकात काही नाही."

"टेबल? हाताने दाबल्यावर खाली झुकतं का? स्वस्तातली मशिनं तिथे मार खातात. झुकत असेल तर खालून लाकडाचा ठोकळा लावायचा, काम भागतं. आणि चालू करून पट्ट्याचा आवाज ऐक." ते बोलत राहिले. भोकाच्या खोलीची खूण, शिकंजा टेबलाला बोल्टने का बांधायचा, मशीन बाकावर नुसतं का ठेवायचं नाही. तो माना डोलवत होता. उजवा हात त्याने मांडीखाली दाबून ठेवला होता. मास्तर बोलता बोलता थांबले.

"हात दाखव."

"काय?"

"मघापासून हातावर बसलायस. दाखव."

त्याने हात काढला. मास्तरांनी आपला हात शेजारी धरला. दोन हात हवेत हलत राहिले, दोन निरनिराळ्या लयींत. मास्तरांनी बराच वेळ बघितलं, शाफ्ट बघावा तसं.

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं असेल. मला चार दिवसांपूर्वी कळलं."

"डॉक्टरकडे जा. माझं निरुपद्रवी निघालं. हात हलतो, बाकी काही नाही. तुझंही तसंच असेल असं मात्र समजू नकोस." मग तिपाईवरचा चमचा उचलून दाखवत म्हणाले, "दांड्याला शिसं गुंडाळलंय. वजन असलं की सांडत नाही. मीच केलं."

तो चमच्याकडे बघत म्हणाला, "मास्तर, तो कागद मी लिहिला होता."

बोलणं इतकं सोपं निघालं की त्याला वाटलं, आपण मोठ्याने बोललोच नाही.

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "मॅनेजरने समोर ठेवला होता. खाली सही नव्हती. पण सात होता. तुझ्याकडून तो सात मी घोटून घेतलाय, मला ओळखू येणार नाही?"

खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मास्तर म्हणाले, "खरं तेच लिहिलंस. मला राग नाही आला. म्हणजे आला, पण हातावर आला, तुझ्यावर नाही. मला वाटलं, चार लिहिलेत ते नमुन्यादाखल. पोराने लाज राखली माझी. सगळे एकतीस लिहिले असते तर कारखान्यात तोंड दाखवायला जागा राहिली नसती."

तो चमच्याकडेच बघत राहिला. मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. "तू सगळे मोजले होतेस ना?"

"हो."

"मग?"

"बाकीचे सत्तावीस खराब होते. तुम्ही बरोबर होतात. चारच चुकले होते, मास्तर. सत्तावीस खराबच होते."

मास्तर सावकाश खुर्चीत मागे टेकले. चमचा त्यांच्या हातातच होता आणि खुर्चीच्या हाताला लागून टिकटिक वाजत होता.

"सत्तावीस," ते म्हणाले.

"हो."

"तू खिडकीशी कधी आला नाहीस. मी म्हटलं, बिचाऱ्याला अवघड वाटतं. म्हणजे सगळेच चांगले होते, आणि हे मला तोंडावर सांगवत नाही त्याला." ते थांबले. "त्यानंतर मी काही मोजलं नाही. घरात पडद्याचा दांडा लावायचा होता, तोही सुतार बोलावला. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही असताना? मी म्हटलं, माझ्या मापावर विश्वास ठेवू नकोस."

"मॅनेजरने विचारलं असतं तर मी..."

"मी मॅनेजरचं विचारत नाहीये."

मुलगी चहाचे कप घेऊन आली आणि दोघांकडे बघून दारातच जरा थबकली. मास्तरांनी हाताने तिला ठेव अशी खूण केली. मग त्याला म्हणाले, "तू आता जा."

"मास्तर..."

"जा. मला जरा बसू दे."

आवाजात राग असता तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. तो उठला. दारापर्यंत मुलगी आली. "काही वाईट बातमी आणलीत का?" तिने हळूच विचारलं. तो म्हणाला, "नाही. जुनीच आहे." आणि जिना उतरायला लागला. चार मजले उतरताना त्याच्या मनात एकच हिशेब फिरत होता, की एक वाक्य होतं, सहा-सात शब्दांचं. ते जाळीच्या खिडकीतून आत टाकायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्याला माफी मिळणार नव्हती हे तर त्याला येतानाच ठाऊक होतं. पण शिक्षा दुसऱ्याच माणसाने भोगून संपवली आहे, हे ठाऊक नव्हतं.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. पाय पसरून, भिंतीला टेकून, एका दमात. हात, काटा, कागद, सत्तावीस. ती कापड मांडीवर घेऊन ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने फक्त विचारलं, "आणि चार वर्षं तुम्हाला तिथे जावंसं वाटलं नाही?"

"वाटलं."

तिने मांडीवरचं कापड बाजूला ठेवलं. मग कपाटातून एक चिठ्ठी काढून तिने त्याच्यापुढे ठेवली. डॉक्टरचं नाव, फोन नंबर. चिठ्ठीच्या घड्या मळलेल्या होत्या. "मार्चपासून आहे," ती म्हणाली. "तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. मंगळवारची वेळ घेऊ का?" तो म्हणाला, "घे."

सोमवारी त्याने मधलं करडं मशीन घेतलं. बाईने पट्ट्याचा आवाज ऐकवला, सगळ्यात कमी वेग किती तो कागदावर लिहून दिला. टेबल हाताने दाबलं तर जरासं झुकत होतं. तिच्याच्याने लपवलं गेलं नाही. "झुकतं थोडं," ती आपणहून म्हणाली. त्याने मान हलवली. संध्याकाळच्या आत हमालाने खोकं गॅलरीत आणून टाकलं. खांब बुडात बसवणं, त्यावर डोकं चढवणं ही दोन माणसांची कामं होती. बायकोने शिवणाची कात्री बाजूला ठेवली आणि ती आली. ती खालून धरायची, तो वरून बसवायचा. बोल्ट आवळायला तिनेच पाना घेतला, त्याने किती ते सांगितलं. मशीन बाकाला बांधून झालं, टेबलाखाली लाकडाचा ठोकळा लागला, चकात ड्रिल बसलं. त्याने एक फळकूट घेतलं, त्यावर पेन्सिलीने एक फुली काढायला गेला, आणि तिथे अडकला.

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मशीन भोक सरळ पाडणार होतं, पण कुठे पाडायचं ते त्यालाच दाखवावं लागणार होतं. पेन्सिलीचं टोक रेघेवर येऊन थांबत नव्हतं. रेघेच्या अलीकडे, पलीकडे, पुन्हा अलीकडे. तेहेतीस वर्षं मापं घेतलेला माणूस एका फुलीसाठी श्वास रोखून उभा होता. तिने त्याच्या हातातून पेन्सिल घेतली. ओढून नाही, कापड सरकवावं तशी सरकवून घेतली. पट्टी ठेवून दोन रेघा मारल्या. मग टोकदार पंच तिने फुलीवर उभा धरला आणि दुसऱ्या हाताने हातोडीचा एक ठोका दिला. तिचा हात कापड बेतणारा होता. पंच हलला नाही.

"बघा," ती म्हणाली. "आहे का बरोबर?"

तो वाकला. त्याने चष्मा वर केला आणि खड्डा जवळून बघितला. हात कसेही असोत, डोळे अजून जागेवर होते. खड्डा फुलीच्या मध्यापासून डावीकडे होता, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. फळकुटाला काय, काहीही चाललं असतं. ती वाट बघत होती. तिच्या कपाळावर बोल्ट आवळतानाचा घाम होता आणि हातोडी तिने उलटी धरली होती. त्याला चालेल म्हणावंसं वाटलं, आणि तो शब्द जिभेवर आलाही होता.

"नाही," तो म्हणाला. "डावीकडे गेलाय. अर्धा मिलिमीटर."

तिने त्याच्याकडे बघितलं. मग फळकूट फिरवलं, दुसरीकडे नव्या रेघा मारल्या, पंच धरला. मारण्याआधी थांबली. "आता?"

"किंचित उजवीकडे."

"आता?"

"आता बरोबर."

ठोका पडला. त्याने बटण दाबलं. मशीन घुमायला लागलं, पट्टा एकदा फडफडला आणि लयीत आला. तिने फळकूट शिकंजात आवळलं आणि हात मागे घेतले. त्याने हँडल धरून खाली ओढलं. हँडलला आतून एक जाड स्प्रिंग होती. ती त्याच्या हाताला वर ढकलत होती, तो तिला खाली. त्या दोन ताकदींच्या मधे त्याचा हात गच्च उभा राहिला. बोटं, मनगट, कोपर, काहीच हललं नाही. ड्रिल लाकडात उतरलं, भुसा वेटोळी घेत वर आला, खालच्या बाजूला टोक निघालं.

"झालं की," ती म्हणाली.

भोक पडलं होतं. त्याने हँडल सोडलं नाही.